काळ्या खडकाची काळी माती : एका वाक्याची तपासणी

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. आज एका वाक्याचे परीक्षण करायचे आहे. भूगोलाच्या तासाला, मार्गदर्शकांत आणि उत्तरपत्रिकांत ते इतक्यांदा येते की त्याच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. वाक्य असे : ‘दख्खनच्या पठारावरील काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन काळी, कसदार माती तयार झाली.’

मी स्वतः हे वाक्य बरीच वर्षे फळ्यावर लिहीत आलो. बीड जिल्ह्यातील आमच्या शाळेत एकदा पाटोद्याकडच्या एका मुलाने हात वर केला. तो म्हणाला, “सर, आमचं रान डोंगराला हाय. तिथला दगड बी काळाच हाय. मग माती तांबूस का?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. मुलाने जे पाहिले होते ते खरे होते आणि माझ्या वाक्यात त्याला जागा नव्हती. विज्ञान शिकवणाऱ्याने अशा वेळी वाक्याची बाजू घ्यायची की मुलाच्या डोळ्यांची, हाच या लेखाचा विषय आहे.

दोन कसोट्या

‘खडक काळा म्हणून माती काळी’ असा कार्यकारणभाव खरा असेल, तर दोन गोष्टी घडायला हव्यात. एक, जिथे बेसाल्ट आहे तिथे माती काळी असावी. दोन, जिथे बेसाल्ट नाही तिथे काळी माती नसावी.

पहिली कसोटी आपल्याच जिल्ह्यात लावू. गोदावरी आणि सिंदफणेच्या काठचा गाळ सोडला, तर बीड जिल्ह्याच्या पोटात जवळजवळ सर्वत्र बेसाल्टच आहे. पण गेवराई-माजलगावच्या गंगथडीला जी खोल, भारी, काळी जमीन दिसते, ती बालाघाटच्या उतारावर दिसत नाही. तिथे वीतभर तांबूस-तपकिरी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ असतो. शेतकरी त्या जमिनीला बरड किंवा मुरमाड म्हणतो. तिथे कापूस खुरटतो आणि सीताफळ मात्र चांगले येते. आणखी पश्चिमेला, महाबळेश्वरला गेलो तर खडक तोच, पण वर तांबडा जांभा. एकाच खडकाच्या तीन माती झाल्या.

दुसरी कसोटी लावायला कर्नाटकात आणि तेलंगणात जावे लागेल. तिथे बऱ्याच भागांत बेसाल्ट नाही. ग्रॅनाइट आणि नाइस हे फिकट रंगाचे, कितीतरी जुने खडक आहेत. तरी तिथल्या सखल भागांतही पावसाळ्यात चिकट होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन आढळते.

म्हणजे दोन्ही कसोट्यांवर वाक्य नापास होते. खडकाचा काळेपणा मातीत उतरत नाही. मातीचा काळा रंग मुख्यतः कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा अंश आणि अतिसूक्ष्म चिकणमाती यांच्या घट्ट संयोगातून येतो, असे आज मानले जाते. हा अंश फार नसतो. सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुधा एक टक्क्याच्याही आत असते. पण चिकणमातीच्या कणाकणाला तो बिलगलेला असल्याने त्याचा रंग सगळीकडे दिसतो. मग खरा प्रश्न असा : ही चिकणमाती आली कोठून?

काळ्या दगडातील निम्मा भाग

बेसाल्ट हा एक पदार्थ नाही, तो खनिजांचे मिश्रण आहे. त्यात ऑजाइट हे गडद खनिज असते, लोह-टायटॅनियमची काळी खनिजे असतात, थोडी ज्वालामुखी काच असते. आणि या सगळ्यांहून अधिक, साधारण निम्म्याच्या आसपास, एक फिकट खनिज असते. त्याचे नाव प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. आपल्या वाक्यात ज्याचा पत्ताच नाही, ते हेच.

फेल्डस्पार हे एका मोठ्या खनिज कुटुंबाचे नाव आहे. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग या कुटुंबाने व्यापला आहे. त्यातील प्लॅजिओक्लेज ही शाखा फुटते तेव्हा तिचे दोन सपाट पृष्ठभाग काटकोनाऐवजी किंचित तिरके, सुमारे ८६ अंशांत मिळतात. म्हणून ब्राइटहाउप्ट या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये ‘तिरके फुटणारे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव दिले. या शाखेच्या एका टोकाला सोडियमचे खनिज आहे, अल्बाइट. दुसऱ्या टोकाला कॅल्शियमचे, ॲनॉर्थाइट. मधल्या सर्व पायऱ्यांवर दोहोंचे कमीअधिक मिश्रण असते. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन मात्र सर्वांत असतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये बहुधा मिळतो तो लॅब्राडोराइट. त्यात कॅल्शियमची बाजू निम्म्याहून थोडी जड असते, पण सोडियमही बराच असतो. ही दोन नावे, कॅल्शियम आणि सोडियम, लक्षात ठेवावीत. पुढे शेतात ती पुन्हा भेटणार आहेत.

निम्मा दगड फिकट असेल तर तो काळा का दिसतो? लाव्हारस लवकर थंड झाल्याने प्लॅजिओक्लेजच्या काड्या फार बारीक राहिल्या, बहुधा मिलिमीटरच्याही अंशाएवढ्या. त्या पारदर्शकही असतात. त्यांच्यातून आत शिरलेला प्रकाश भोवतालच्या गडद खनिजांत अडकतो आणि डोळ्यांना अंधारच दिसतो. याचा पुरावा खडी-क्रशरवर जाऊन कोणीही पाहावा. दगड काळा, पण यंत्राखालची भुकटी राखाडी असते. सह्याद्रीत मंचर, इगतपुरी, कसारा या पट्ट्यात काही थरांमध्ये याच खनिजाचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे स्फटिक आहेत. भूशास्त्रज्ञ अशा थरांचा उपयोग वाटेवरच्या मैलाच्या दगडांसारखा करतात, कारण एकसारख्या दिसणाऱ्या लाव्हाथरांच्या चळतीत ते चटकन ओळखू येतात.

हेच खनिज एकटे असले की कसे दिसते, ते पाहायला पौर्णिमेच्या रात्री अंगणात यावे. चंद्राचा उजळ भाग हा प्रामुख्याने कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेजने बनलेल्या ॲनॉर्थोसाइट खडकाचा आहे आणि त्यावरचे डाग बेसाल्टचे आहेत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्याच्या ‘प्रज्ञान’ गाडीने केलेल्या मातीच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेही या ॲनॉर्थोसाइटशी जुळणारेच होते. आपल्या कातळात दडलेले खनिज चंद्रावर उघड्यावर चमकते आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

एकाच खनिजाच्या दोन वाटा

पावसाचे पाणी हवेतील आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते. ते प्लॅजिओक्लेजवर काम करू लागले की कॅल्शियम आणि सोडियम सुटे होऊन पाण्यात जातात. मागे ॲल्युमिनियम आणि सिलिका उरतात. इथून पुढे काय घडायचे, ते पाऊस, उतार आणि पाण्याचा निचरा ठरवतात.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इतके पाणी वर्षानुवर्षे झिरपले की कॅल्शियम-सोडियम तर जातातच, सिलिकाही धुऊन जाते. उरतात ते लोह आणि ॲल्युमिनियमचे संयुग, तोच जांभा. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या बाजूला मिळणारे बॉक्साइट याच वाटेने तयार झाले. त्यातील ॲल्युमिनियमचा मोठा वाटा मुळात प्लॅजिओक्लेजचा.

बीडला वर्षाकाठी पाऊस साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर, तोही लहरी. इथे सिलिका पूर्ण धुतली जात नाही. सिलिका आणि ॲल्युमिनियम, आणि ऑजाइट व काचेतून सुटलेले मॅग्नेशियम व लोह, यांची एक नवीनच चिकणमाती जुळते. ती स्मेक्टाइट गटाची. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या हिच्यामुळे. या चिकणमातीचा बराच भाग पूर्वीच्या अधिक ओल्या हवामानात तयार झाला आणि पाण्याबरोबर सखल भागात येऊन साचला, असे मृदाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे गंगथडीच्या भारी जमिनीत डोंगरउतारांनी गमावलेला मालही आहे. उतारावर राहिलेली थोडी माती मोकळ्या निचऱ्याची. तिच्यातील लोह हवेने गंजते आणि ती तांबूस दिसते. पाटोद्याच्या मुलाला द्यायचे उत्तर हे होते.

आता कॅल्शियमचे पाहू. कोकणात तो समुद्राला मिळतो. बीडच्या कोरड्या हवेत पाणी उडून जाते आणि कॅल्शियम, कार्बोनेटच्या रूपाने, मातीतच गोठतो. नांगराला लागणारे पांढरे-करडे खडे, ज्यांना आपण चुनखडी म्हणतो, ते असे बनतात. अर्थात यातला सगळा कॅल्शियम प्लॅजिओक्लेजचाच असे म्हणता येणार नाही. ऑजाइटमध्येही तो असतो. विहीर खणताना दगडाच्या पोकळ्यांत पांढरे-गुलाबी चकचकीत स्फटिक निघतात, त्या झिओलाइट खनिजांतही तो असतो. ही झिओलाइटे फेल्डस्पारची चुलत भावंडेच आहेत : तशीच ॲल्युमिनियम-सिलिकॉनची जाळी, फक्त अधिक पोकळ आणि आत पाणी धरणारी.

सोडियमची गोष्ट वेगळी. बेसाल्टमधील बहुतेक सोडियम प्लॅजिओक्लेजमध्येच असतो. कॅल्शियम चुनखडीत अडकत गेला की मातीच्या पाण्यात सोडियमचा वाटा वाढतो आणि तो चिकणमातीच्या कणांवर जाऊन बसतो. कॅल्शियम कणांना धरून ठेवतो. सोडियम त्यांना सुटे करतो. मग माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही, वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. हीच चोपण जमीन. कालव्याचे पाणी बेताने न देता, निचऱ्याची सोय न करता दिले तर हा त्रास वाढतो. चोपण जमिनीत जिप्सम घालायला सांगतात ते का, हेही यावरून कळते. जिप्सममधून कॅल्शियम मिळतो आणि तो सोडियमला कणांवरून हुसकावतो. मात्र हुसकावलेला सोडियम वाहून न्यायला चर हवेतच.

आता आपल्या वाक्याकडे परत या. ‘काळी, कसदार माती’ असे म्हणून ते थांबते. चुनखडीच्या रानात मोसंबीची पाने पिवळी का पडतात, चोपणात बियाणे का उगवत नाही, यांतले काहीच त्या वाक्यातून निघत नाही. जमिनीत चुन्याचे प्रमाण फार झाले की झाडाला लोह घेता येत नाही. लोह मातीत असूनही पाने पिवळी पडतात. वर्गातील निम्मी मुले ज्या अडचणी घरी ऐकतात, त्यांच्याशी वाक्याची गाठच पडत नाही. माझा मुख्य आक्षेप हा आहे. रंगाचे चुकीचे कारण सांगणे ही लहान चूक झाली. ‘काळा’ या एका शब्दाने चौकशी बंद होते, ही मोठी.

इतिहासाच्या पानांवरील ‘काळा पाषाण’

हा दोष भूगोलापुरता नाही. बीडचे कंकालेश्वर मंदिर, अंबाजोगाईचा हत्तीखाना, धारूरचा किल्ला यांची वर्णने वाचा. ‘काळ्या पाषाणातील’ एवढे शब्द आले की दगडाबद्दलचे बोलणे संपते. शिल्पाची शैली, राजवंश, देवता यांवर पानेच्या पाने असतात, पण ज्यात हे सारे कोरले तो पदार्थ मुकाच राहतो. पुरातत्त्वात मात्र तो बोलतो.

शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी चिरकी येथे डॉ. गुडरून कॉर्व्हिनस यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आदिमानवाच्या हातकुऱ्हाडींचे मोठे ठिकाण खणले. तिथली अवजडशी हत्यारे प्रामुख्याने डोलेराइट आणि बेसाल्टची आहेत. डोलेराइटमधील खनिजे बेसाल्टचीच. पण हा रस भेगांमध्ये सावकाश थिजल्याने त्यातील प्लॅजिओक्लेजच्या काड्या अधिक मोठ्या, एकमेकींत गुंतलेल्या असतात. असा दगड चिवट असतो आणि घावाला टिकतो. हत्यार हाती आले की या काड्यांच्या आकारावरून ते लाव्हाथराच्या दगडाचे की भेगेत थिजलेल्या भिंतीच्या दगडाचे, याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे माणूस दगड निवडत होता की मिळेल तो उचलत होता, या प्रश्नाला हात घालता येतो. पुढच्या काळातील बारीक पात्यांसाठी मात्र माणसाने लाव्ह्याच्या पोकळ्यांत तयार झालेली गारगोटीच्या जातीची खनिजे वापरली. फेल्डस्पार सपाट पृष्ठभागांवर तुटतो, त्याला हवी तशी धार काढता येत नाही; कॅल्सेडनीला येते.

जुन्या बेसाल्टच्या हत्यारावर फिकट साल दिसते. ती धूळ नव्हे. पृष्ठभागावरील खनिजांची, त्यात प्लॅजिओक्लेजचीही, माती होऊ लागल्याची ती खूण आहे. शेतात घडणारी क्रियाच इथे हत्याराच्या अंगावर चालू असते. कंकालेश्वरासारखे मंदिर पाण्याच्या कुंडात उभे आहे. अशा ठिकाणी ओले-कोरडे होणाऱ्या दगडाच्या पट्ट्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे. ‘काळा पाषाण’ अमर नसतो.

मातीच्या भांड्यांचेही तसेच. खापराचा कागदाहून पातळ काप करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर प्लॅजिओक्लेजचे कण त्यांच्या समांतर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून ओळखू येतात. ते बेसाल्टच्या इतर खनिजांसोबत दिसले तर माती दख्खनच्या खडकाची. त्याऐवजी अभ्रक आणि ग्रॅनाइटी गार दिसली तर भांडे किंवा माती बाहेरून आली असावी, असा तर्क करता येतो.

नेवासे, इनामगाव, दायमाबाद येथील ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत घरांच्या जमिनींना चुन्याचा लेप दिलेला आढळला आहे. पुढे दख्खनमध्ये चुनखडीचे खडे भट्टीत भाजून, घाणीवर मळून बांधकामाचा चुना करीत. काळा चिरा आणि त्यामधला पांढरा चुना हे आपल्याला दोन टोकांचे पदार्थ वाटतात. पण चुनखडीतील कॅल्शियम बऱ्याच अंशी याच खडकातून सुटलेला. चिरा आणि सांध्यातला चुना हे एकाच घराण्यातले.

आणि काळ मोजण्याचे काय? दख्खनचे लाव्हाथर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, हा आकडा आपण शिकवतो. तो ठरवण्यात या खडकांतून वेचलेल्या प्लॅजिओक्लेजच्या कणांचा मोठा हात आहे. त्यात अत्यल्प पोटॅशियम असते. त्याच्या किरणोत्सारी अणूंपासून होणारा आर्गॉन वायू स्फटिकात अडकून राहतो आणि तो मोजून वय काढतात. २०१९ मध्ये या पद्धतीने केलेला सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला आहे.

वाक्याच्या बाजूने

परीक्षणात दुसरी बाजूही यावी. आपले वाक्य अगदी खोटे नाही. महाराष्ट्रातील काळ्या जमिनी आणि बेसाल्ट यांचा संबंध आहेच. कॅल्शियम, मॅग्नेशियमने श्रीमंत असा हा खडक चिकणमातीला उत्तम कच्चा माल देतो. सहावीच्या मुलाला स्मेक्टाइट सांगायची गरज नाही. उलट, ‘प्लॅजिओक्लेज : सोडियम-कॅल्शियमचे ॲल्युमिनोसिलिकेट’ एवढे पाठ करून घेणारी वरच्या वर्गांची पुस्तकेही तितकीच सदोष म्हणावी लागतील. तिथे नाव आहे, पण शेत नाही. एका ठिकाणी रंगाने चौकशी थांबते, दुसऱ्या ठिकाणी सूत्राने.

त्याऐवजी एवढेच म्हणता येईल : ‘बेसाल्टमधील फिकट आणि गडद खनिजांची झीज होऊन, कमी पावसाच्या सखल प्रदेशात चिकण व चुनायुक्त माती तयार झाली, तीच आपली काळी जमीन.’ वाक्य फार लांबले नाही, पण त्यात ‘कमी पावसाच्या’ आणि ‘सखल’ हे दोन शब्द आले. डोंगरावरच्या मुलाला प्रश्न विचारायला आता जागा आहे.

वर्गात करून पाहण्यासारख्या चार गोष्टी सुचवतो. काळा दगड फोडून (डोळे जपून, फडक्यात गुंडाळून) त्याची भुकटी पांढऱ्या कागदावर पाहावी. त्याच भुकटीतून चुंबक फिरवावे. चिकटतील ते लोहयुक्त कण, बाकीच्यांत फिकट कण भिंगाने शोधावेत. चुनखडीच्या खड्यावर शिक्षकांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा आणि ताज्या बेसाल्टवरही. बुडबुडे कुठे येतात ते मुलांनी नोंदवावे. आणि प्रत्येकाने आपल्या रानातील मूठभर माती आणावी, पुडीवर ‘डोंगर’, ‘उतार’, ‘नदीकाठ’ असे लिहावे आणि पुड्या उंचीच्या क्रमाने मांडाव्यात. तांबूस ते काळा असा पट्टा बाकावरच तयार होईल.

आमच्या वर्गात तो पट्टा तयार झाला तेव्हा पाटोद्याच्या मुलाची पुडी पहिल्या टोकाला होती. त्याचा प्रश्न मी त्या दिवशी फळ्यावर लिहिला, माझ्या जुन्या वाक्याच्या जागी.